नागीण आणि ‘पातळ’ रक्त

(दृश्य : सांगलीचं मार्केट यार्ड, हळदीचे सौदे)

हळदीचे सौदे सुरू झाले की इथं बोलता बोलता ठसका लागतो. आमच्या आबांची चाळीस वर्षं ह्याच धुरळ्यात गेली, तोलाईदार म्हणून. म्हणून मागच्या मोसमात त्यांच्या उजव्या बरगडीखाली आग व्हायला लागली, तेव्हा घरात सगळे म्हणाले, पोतं सरकवताना लचक भरली असेल. तिसऱ्या दिवशी पाठीपासून पोटापर्यंत पट्ट्यानं फोड उठले. शेजारच्या काकूंनी बघताक्षणीच सांगितलं, “नागीण हाय ही.”

आबांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. त्यासाठी ते सहा वर्षं रक्त पातळ करायची गोळी घेतात. कट्ट्यावरच्या मंडळींनी दोन्हीची सांगड घातली. “रगत पातळ झालं की आतलं इष वर येणारच, आबा.” आबांनी कुणाला न सांगता गोळी बंद केली आणि अंगाला काव लावून दोन दिवस पडून राहिले.

त्या दोन दिवसांसाठीच ही फिल्म केली.

(दृश्य : ओट्यावर गोळ्यांची पाकिटं, शेजारी ताकाचं भांडं)

मला वाटतं, घोटाळा ‘पातळ’ ह्या शब्दातच आहे. पातळ म्हटलं की पाणी घातलेलं ताक डोळ्यांपुढं येतं, कस गेलेलं. पण गोळी रक्तात पाणी घालत नाही. वॉर्फरिन किंवा असिनोकुमेरॉल ह्या अशाच गोळ्या, त्या यकृतात ‘के’ जीवनसत्त्वाचं काम अडवतात, त्यामुळे गुठळी धरायला लागणारी प्रथिनं कमी पडतात. रक्त गोठायला वेळ लागतो, एवढंच. विषाणूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींचं काम वेगळं, ते ह्या गोळीनं थांबत नाही.

आणि नागिणीचा विषाणू तर आबांच्या अंगात लहानपणापासूनच होता. कांजिण्यांचाच तो. कांजिण्या बऱ्या होतात, विषाणू मात्र कण्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो. इंग्लंडमधले एक फॅमिली डॉक्टर, एडगर होप-सिम्पसन, यांनी आपल्याच पेशंटांच्या १६ वर्षांच्या नोंदी चाळून १९६५ साली हे मांडलं : वयाबरोबर शरीराचा पहारा ढिला पडतो आणि विषाणू एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. मधुमेह, स्टेरॉइड, कॅन्सरचे उपचार यांनीही पहारा ढिला पडतो. आबांचं वय ७१, साखर वाढलेली. रक्त पातळ करायच्या गोळ्याही बहुतेकांना ह्याच वयात लागतात. म्हणून दोन्ही एकाच घरात दिसतात. नागिणीच्या कारणांत ह्या गोळीचं नाव नाही.

(दृश्य : विश्रामबाग, मिरजेकडे जाणारा रस्ता)

मिरजेच्या डॉक्टरांनी फोडांच्या आधी पाकिटं बघायला मागितली. गोळी बंद आहे म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. असा ठोका चुकणाऱ्या हृदयात गुठळी धरते, ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. त्यात नागीण उठल्यावर पहिले काही आठवडे अर्धांगवायूचा धोका तसाही वाढलेला असतो. आबांनी छत्री मिटली ती नेमकी भर पावसात.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. राहिलेल्या एकदम घ्यायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, तपासून घेतलं. विषाणूवरचं औषध, ॲसायक्लोव्हिर, दिलं : ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू झालं तर गुण चांगला येतो. आम्ही कसेबसे त्यात बसलो. मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी मात्र त्यांनी काढूनच घेतली. डायक्लोफिनॅकसारख्या गोळीनं पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि आबांचं रक्त लवकर थांबणारं नाही. नागीण आणि रक्त पातळ करायची गोळी यांचा संबंध बघायचाच असेल, तर तो इथं बघावा, औषधांच्या पिशवीत.

पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लसही आहे, दोन डोसांची. भारतात ती २०२३ मध्ये आली. दंडाच्या स्नायूत टोचतात, म्हणून गोळी चालू असल्याचं आधी सांगायचं आणि टोचल्यावर जागा दाबून धरायची.

फोड वाळले, तरी आग दीड महिना राहिली. सदऱ्याचा काठ लागला तरी आबा कळवळायचे. एक भीती मात्र त्यांनी माझ्यापासून लपवली होती : नागिणीचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस जातो. मी आरशात त्यांची पाठ दाखवली. ज्या मज्जातंतूतून ती उठते तो शरीराच्या एकाच बाजूला असतो, पट्टा कण्यापाशी संपतो.

संध्याकाळी कट्ट्यावरचे दोघे बघायला आले. आबांनी सदरा वर केला.

“बघा. हितंच थांबलीया. आन् गोळी सकाळीच घेतलीय मी.”