कायो कोस्टाचे दोन तडाखे : फ्लोरिडाच्या वादळांविषयी

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, फोर्ट मायर्स शहराजवळ, कायो कोस्टा नावाचे एक अरुंद बेट आहे. 13 ऑगस्ट 2004 रोजी ‘चार्ली’ हे हरिकेन, म्हणजे अटलांटिकमधले चक्रीवादळ, या बेटावर धडकले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 240 किलोमीटर होता. 28 सप्टेंबर 2022 रोजी ‘इयन’ही त्याच बेटावर आणि त्याच वेगाने धडकले. दोन्ही वादळे, वाऱ्याच्या वेगावरून ठरणाऱ्या पाच श्रेणींपैकी, चौथ्या श्रेणीची. तरीही त्यांची तुलना करू लागलो की श्रेणीचा आकडा किती कमी सांगतो, हे लक्षात येते.

चार्ली आकाराने लहान आणि चालीने वेगवान होते. जवळच्या पुंटा गोर्डा शहरातली छपरे त्याने उडवली, पण समुद्र सहा-सात फुटांपलीकडे चढला नाही. इयनचा घेर कितीतरी मोठा आणि चाल संथ असल्यामुळे त्याला पाणी ढकलायला वेळही मिळाला आणि पैसही. त्यातच या किनाऱ्यालगतचे मेक्सिकोचे आखात उथळ आहे. ढकलत आणलेल्या पाण्याला खाली जागा नसल्याने ते जमिनीवर चढते. फोर्ट मायर्स बीचवर ते जमिनीपासून दहा ते पंधरा फूट चढले. वादळाने थेट घेतलेल्या 66 बळींपैकी 41 या चढलेल्या पाण्याचे होते. अंदाजाचा रोख आधी उत्तरेकडच्या टॅम्पा शहराकडे होता आणि फोर्ट मायर्स ज्यात येते त्या ली काउंटीत (जिल्ह्यात) स्थलांतराचा आदेश जेमतेम एक दिवस आधी निघाला. पण ज्यांनी चार्ली घरात बसून काढले होते, त्यांनी जुन्याच मापाने नवे वादळ मोजले असेल, तर त्यांना दोष देणे मला जड जाते.

वाऱ्याची धास्ती या राज्याने ‘अँड्र्यू’पासून घेतली. 24 ऑगस्ट 1992 रोजी त्याने मायामीच्या दक्षिणेकडील होमस्टेड उद्ध्वस्त केले, बांधकामातली ढिलाई उघडी पडली आणि 2002 पासून राज्यभर एकच कडक बांधकाम संहिता लागू झाली. पुढे ऑक्टोबर 2005 मधल्या ‘विल्मा’नंतर जवळजवळ अकरा वर्षे एकही हरिकेन राज्याच्या किनाऱ्यावर धडकले नाही. किनाऱ्यावरची वस्ती मात्र वाढतच राहिली. 2018 च्या ‘मायकल’ने मेक्सिको बीच हे गाव जवळपास पुसून टाकले, ते पाचव्या श्रेणीचे होते, हे फेरतपासणीनंतर 2019 मध्ये जाहीर झाले.

26 सप्टेंबर 2024 च्या ‘हेलीन’चा डोळा, म्हणजे वादळाचा शांत मध्यभाग, टॅम्पा उपसागरापासून दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून गेला, तरी उपसागराकाठच्या घरांत पाणी शिरले. भिजलेल्या गाद्या, कपाटे अजून रस्त्याच्या कडेला पडलेली असतानाच, तेरा दिवसांनी, ‘मिल्टन’ आले. त्याचा डोळा टॅम्पाच्या दक्षिणेला, सिएस्टा की बेटावर उतरला. उत्तर गोलार्धात ही वादळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे डोळ्याच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो; म्हणून टॅम्पा उपसागर भरण्याऐवजी रिकामा होऊ लागला. सगळ्यांचे लक्ष पश्चिम किनाऱ्यावरच्या पाण्याकडे होते. पूर्वेला, अटलांटिकच्या बाजूला सेंट लुसी काउंटीत, डोळा किनाऱ्याला लागण्याच्या काही तास आधी, मिल्टनच्या बाहेरच्या पावसाळी ढगांच्या पट्ट्यांतून उठलेल्या एका टोर्नॅडोने सहा माणसे मारली.