एलिव्हेशन आणि हिरवी जाळी

इंदूरमधल्या एका मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

नमस्कार मंडळी.

पत्रिकेत माझा विषय 'शहराच्या मध्यभागातील नव्या निवासी इमारतींची वास्तुशैली' असा छापलाय. घरी पत्रिका आली तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे मल्टीच ना?" मल्टीच. पुण्याच्या माझ्या मावसबहिणीला हा शब्द अजून पचत नाही. तिच्याकडे सोसायटी असते, मुंबईला टॉवर असतो. आपल्या इंदुरात तीन मजल्यांची असो नाहीतर बावीस मजल्यांची, ती मल्टी. भाडेकरू शोधणाराही विचारतो, "मल्टी में है या मकान में?"

आज मला मात्र दुसऱ्या एका शब्दावर बोलायचंय: एलिव्हेशन. आम्हा आर्किटेक्टांच्या धंद्यात एलिव्हेशन हे एक साधं ड्रॉइंग असतं. इमारतीकडे सरळ समोरून पाहिलं की भिंत, खिडक्या, छज्जे जसे दिसतील तसे काढायचे. बाजू चार, म्हणून एलिव्हेशनही चार. मी 1980च्या दशकात काम सुरू केलं तेव्हा चारही काढत होतो. पुढे बिल्डरच्या ऑफिसात वाक्य ऐकू यायला लागलं, "सर, प्लॅन ओके है, एलिव्हेशन थोडा भारी कर दो." चारातली एकच बाजू उरली, रस्त्याकडची, आणि ड्रॉइंगचं नाव सजावटीला चिकटलं. आता रंगारीही म्हणतो, एलिव्हेशनचं काम वेगळं पडेल. आणि हे 'भारी' करून देणाऱ्यांत मी तीसेक वर्षं होतो, तेव्हा आज जी टीका करीन तिच्यातला निम्मा वाटा माझ्या नावावर धरा.

पलासियाहून विजयनगरकडे चालत निघालात तर एलिव्हेशनचे थर दिसतात, विहिरीच्या कडेला मातीचे दिसावेत तसे. सगळ्यात जुन्या मल्टी तीन-चार मजल्यांच्या. खाली दुकानं, दर्शनी भागाला धुतलेल्या बारीक खडीचा गिलावा, खिडक्यांवर दीड-दोन फुटांचे छज्जे. दिसायला कळकट, पण पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवता येते. मग खांबांचा काळ आला. जाड गोल खांब, वर पानाफुलांचे मुकुट. लोक त्याला रोमन म्हणायचे, ग्रीक म्हणायचे. ती हौस आपल्याला नवी नव्हतीच. होळकरांच्या लालबाग पॅलेसचं बांधकाम 1886 ते 1921 चाललं आणि त्याचं फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकावर बेतलं होतं. राजानं फाटक आणलं, आपण खांब आणले. त्यानंतर निळी काच, त्यानंतर एसीपी, म्हणजे दोन पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा गाभा असलेल्या शीट. हा गाभा कसला आहे हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. 2017च्या जूनमध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, 72 माणसं गेली, आणि ती आग मजल्यामागून मजला चढली ती अशाच बाहेरच्या आवरणावरून. घर घेताना टाइल्सचा ब्रँड विचारता ना, तसं हेही विचारा.

आणि आत्ताचा थर? राखाडी आणि पांढरा रंग, मध्ये लाकडासारख्या दिसणाऱ्या शीटच्या पट्ट्या, दोन-तीन मजल्यांच्या बाल्कन्या एकत्र बांधणारी पांढरी चौकट, काचेचं रेलिंग, कुठंतरी मशीननं कापलेली नक्षीदार जाळी. संध्याकाळी त्या चौकटीच्या कडेनं एलईडीची रेघ पेटते. ही इमारत सूरतेत उभी करा, रायपुरात करा, नागपुरात करा, काही फरक पडत नाही. वाईट आहे असं मी म्हणत नाही. प्रमाणं पुष्कळदा आमच्या वेळेपेक्षा चांगली असतात. माझी तक्रार वेगळी आहे, तिच्याकडे येतो.

आधी एक गैरसमज काढू. आपण मराठी माणसं वाड्याचं नाव निघालं की हळवे होतो, जणू जुने लोक दिखाव्यासाठी काही करतच नव्हते. आपला राजवाडा बघा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार विटा-लाकडाचे. पण सात मजल्यांची ती उंची दर्शनी भागाचीच. आत शिरलात की चौक आणि त्याच्याभोवती कमी उंचीची बांधणी. म्हणजे होळकरांनीही एलिव्हेशन केलं होतं, आणि जबरदस्त केलं होतं. समोरच्या चौकात उभ्या राहणाऱ्या माणसाला कळलं पाहिजे की सत्ता कुणाची. 1801 साली शिंद्यांच्या फौजेनं तो जाळला, 1984च्या दंगलीत पुन्हा जळला, आणि आपण तो पुन्हा उभा केला तेव्हाही पहिला विचार त्या दर्शनी भागाचाच होता. तेव्हा दिखावा हे काही आजचं पाप नाही.

फरक सज्ज्यात आहे. राजवाड्याचा सज्जा, किंवा जेल रोडजवळ मी वाढलो त्या साध्या वाड्याचा सज्जा, आत उभ्या माणसाच्या उपयोगाचा होता. आमच्या ओसरीवर चैत्र लागला की बाहेरच्या बाजूनं चिकाचे पडदे सुटायचे. बांबूच्या बारीक काड्यांचे, सुतळीनं विणलेले, खाली ओढायला दोरी. आजी दुपारी त्यांवर पाणी मारायची. पडदा बाहेर होता, हे लक्षात ठेवा. ऊन काचेतून आत शिरलं की फरशीला, सोफ्याला, भिंतीला तापवतं, आणि त्या तापलेल्या वस्तूंची ऊब काच बाहेर जाऊ देत नाही. आतल्या बाजूनं कितीही जाड पडदा लावा, ऊन घरात आलेलंच असतं. ते बाहेरच अडवावं लागतं. आजीनं भौतिकशास्त्र शिकलं नव्हतं, पण पडदा कुठल्या बाजूला टांगायचा हे तिला ठाऊक होतं.

आता थोडं उन्हाचं गणित. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित खाली, पावणेतेवीस अंशांच्या आसपास. 21 जूनला दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर. डिसेंबरच्या शेवटी तो दक्षिणेला, सुमारे 44 अंशांवर. याचा अर्थ दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर जूनच्या दुपारी पूर्ण खिडकी सावलीत आणि डिसेंबरात वरचे दोनेक फूट सोडून सगळं ऊन आत. एवढ्याशा काँक्रीटच्या फळीत उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही सांभाळले जातात. पश्चिमेला हे चालत नाही. तिथे एप्रिल-मेमध्ये चार-पाच वाजता सूर्य समोर येऊन उभा राहतो आणि कुठल्याही छज्ज्याखालून सरळ पलंगावर येतो. पश्चिमेला उभी आडोशाची पट्टी हवी, जाळी हवी, किंवा खोल बाल्कनी हवी.

नव्या मल्टीत काय होतं? छज्जा गेला, कारण सपाट दर्शनी भाग स्वच्छ दिसतो. खिडकी मोठी झाली आणि सरकती झाली. दोन झडपांची जुनी लाकडी खिडकी सगळी उघडायची, सरकती निम्मीच उघडते. भिंत बारीक झाली. मायवनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, साच्यांत अख्खा मजला एका वेळी ओततात, बाहेरची भिंत सहा-सात इंच काँक्रीटची. अशा भिंतीतून उष्णता आत यायला साधारण चार तास लागतात. चार वाजता पश्चिमेची भिंत तापते आणि आठ वाजता, तुम्ही जेवून बेडरूममध्ये जाता तेव्हा, ती ऊब बरोबर तुमच्या उशाशी. आपल्याकडे 'शब-ए-मालवा' म्हणतात, मालव्याच्या रात्री गार. बाहेर ती गार रात्र असते आणि आत आपण खिडकी लावून एसी चालवतो. 2018च्या इको निवास संहितेनं, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीनं, बाहेरच्या आवरणातून घरात किती उष्णता यावी याची मर्यादाही सांगितली आहे. कागद आहे. तुमच्या आर्किटेक्टला त्याचा हिशोब मागा, तो थोडा दचकेल.

एसी आणि इंदूर यांचं नातं तसं जुनं. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस नावाच्या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून माणिकबाग महाल बांधून घेतला. वातानुकूलन होतं, फर्निचर युरोपातल्या मोठमोठ्या कलावंतांचं. ते फर्निचर 1980 साली मोनॅकोत लिलावात निघालं, आणि वास्तूत केंद्रीय कर खात्याचं कार्यालय बसलं. उत्तम वास्तू आहे, मला आवडते. पण ती एका राजासाठी होती, आणि विजेचं बिल राजाला परवडत होतं. तोच थाट आपण छत्तीस कुटुंबांना वाटला आणि प्रत्येकाला आपापलं बिल दिलं.

आता माझी तक्रार. इमारत नीट वाचायची असेल तर ती तयार झाल्या दिवशी बघू नका, तीन वर्षांनी जा. कुठल्या बाल्कनीला अॅल्युमिनियमची सरकती काच बसली, कुठं कबुतरांसाठी नायलॉनची जाळी, कुठं काचेच्या रेलिंगच्या आतून चादर बांधली, कारण घरातली बाई बाल्कनीत बसली की खालचा रस्ता तिच्याकडे बघतो. एसीचा डबा लाकडी पट्टीवरच ठोकलेला, कारण त्याला नेमून दिलेली जागा डक्टमध्ये, पाइपांच्या उभ्या पोकळीत, आणि मेकॅनिकचा हात तिथे पोचत नाही. कपड्यांचं स्टँड काचेबाहेर. आणि एप्रिलपासून पश्चिमेला हिरवी जाळी, नर्सरीवाले वापरतात ती, मीटरवर मिळते. आम्ही आर्किटेक्ट याला विद्रूप करणं म्हणतो. मला आता असं वाटतं की ही त्या इमारतीची समीक्षा आहे, आणि आमच्या मासिकांत छापून येते तिच्यापेक्षा ती खरी आहे. काय राहून गेलं ते लोक तारेनं बांधून दाखवतात.

बाल्कनी बंद करण्यामागे पैशाचंही कारण आहे. घरखरेदीसाठीच्या 2016च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेची, व्याख्या केली, त्यात बाल्कनी धरलेली नाही. पैसे मात्र आपण भाव ठरवताना तिचेही मोजलेले असतात. मग माणूस म्हणतो, एवढी जागा घेतलीय तर खोली करून टाकू. खोली होते आणि घराची एकुलती एक सावली जाते.

लोक घर बदलणारच, हे गृहीत धरून केलेलं काम आपल्याच शहरात आहे. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची अरण्य वसाहत. 1980च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी आखली, सुमारे साडेसहा हजार घरांची, 1995 साली तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. पुढे 2018मध्ये दोशींना प्रिट्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा पेपरांत पुन्हा तिचे फोटो आले. गरिबातल्या गरीब कुटुंबाला जोतं, संडास-न्हाणीचा गाभा आणि वीज-पाण्याची जोडणी द्यायची. पुढचं ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. दोशींनी नमुन्याची 80 घरं बांधून दाखवली: ओटे, बाहेरून जिने, छोटे सज्जे. आज तिथे गेलात तर ती घरं पटकन ओळखू येत नाहीत, इतकी बदललीयत. विद्यार्थी निराश होतात. मी त्यांना सांगतो, ओटे मोजा. ओटा मात्र बहुतेकांनी ठेवलाय, संध्याकाळी त्यावर माणसं बसलेली असतात. आमच्या मल्टीच्या तळाशी ओट्याच्या जागी गाड्या बसतात. कायद्याला पार्किंग हवं, ग्राहकाला दोन गाड्यांचं हवं, म्हणून खालचे एक-दोन मजले गाड्यांचे आणि रस्त्याला लागून कोरी भिंत. रस्त्यावर चालणाऱ्याला त्या 'भारी' एलिव्हेशनातलं काय मिळतं? बारा फुटांची कोरी भिंत आणि एक गार्डची खुर्ची.

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार इंदुरात आला, त्यानं 1918 साली होळकर दरबाराला शहराचा दोन खंडांचा अहवाल दिला. त्याचं म्हणणं साधं होतं, जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते मारू नका, अडचण असेल तिथे तेवढंच कापा. आपण काय केलं ते बडा गणपतीकडून कृष्णपुऱ्याकडे येताना दिसतं. रस्ता रुंद करताना घरांचे पुढचे भाग गेले. काही महिने भिंती उभ्या चिरलेल्या होत्या. कुणाच्या देवघराचा गुलाबी रंग, कुणाच्या न्हाणीच्या टाइल्स रस्त्यावरून दिसत होत्या. नंतर त्या चिरेवर शीट आणि काच चढली. मागे शंभर वर्षांचं घर आणि पुढे तीन इंचांचं एलिव्हेशन.

वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळ बघतायत. एक स्वतःचीच गोष्ट सांगतो.

आम्ही जेल रोड सोडून नऊ वर्षं झाली. आता एका बारा मजली मल्टीत नवव्या मजल्यावर राहतो, पश्चिमेला. इमारतीचं एलिव्हेशन मी काढलेलं नाही, पण काढलं असतं तर असंच काढलं असतं. पहिल्याच मेमध्ये बायकोनं थर्मामीटर बेडरूमच्या भिंतीला टेकवून माझ्यासमोर धरला, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी मारोठिया बाजारातून हिरवी जाळी आणली आणि स्टुलावर चढून बाल्कनीला बांधली. तीन दिवसांनी सोसायटीची नोटीस आली: जाळीमुळे इमारतीचं एलिव्हेशन बिघडत आहे, सात दिवसांत काढावी. खाली सेक्रेटरीनं पेनानं लिहिलं होतं, 'आप तो खुद आर्किटेक्ट हैं.'

मी मीटिंगला गेलो. सूर्याचे कोन काढलेला कागद नेला होता, तो कुणी बघितला नाही. पण पश्चिमेकडचे सगळे आले होते, आणि त्यातल्या निम्म्यांना जाळी बांधायचीच होती. दोन तास भांडण झालं. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या भाभींनी तोडगा काढला: जाळी सगळ्यांनी लावायची, पण एका रंगाची, एका उंचीची. बदामी रंग ठरला.

गेल्या मेमध्ये एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. खाली गाडी लावून त्यानं वर बघितलं, लिफ्टमधून आला आणि दारातच म्हणाला, "सर, पश्चिमेची ती छत्तीस बाल्कन्यांची स्क्रीन मस्त झालीय. आर्किटेक्ट कोण?"