तिएशी : नोटेवरचा लेथ जिथे घडला

(दृश्य : ओतशाळेची उंच शेड. छताखाली थांबलेली क्रेन, थंड पडलेल्या भट्ट्या.)

एप्रिल 2007 मध्ये या भट्टीतून लोखंडाचा रस शेवटचा बाहेर पडला. तिएशीतली ही शेनयांग ओतशाळा, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा कारखाना, आशियातल्या मोठ्या ओतशाळांपैकी एक होती. काम शहराबाहेर हललं, शेड मात्र पाडली नाही. 2012 मध्ये तिथे चीनचं औद्योगिक संग्रहालय सुरू झालं.

शेनयांग ही ईशान्य चीनमधल्या ल्याओनिंग प्रांताची राजधानी. हिवाळ्यात इथे पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. शहरातून जाणाऱ्या रेल्वेच्या पश्चिमेला तिएशी हा जिल्हा पसरला आहे. 1905 मध्ये रशियाला हरवून जपाननं ही रेल्वे ताब्यात घेतली. सप्टेंबर 1931 मध्ये त्यानं शहरच घेतलं, आणि पुढच्या काही वर्षांत तिएशीची आखणी झाली. मधोमध एक रुंद रस्ता, त्याच्या उत्तरेला कारखाने, दक्षिणेला घरं. तोच आजचा जियानशे मार्ग. 1945 मध्ये जपान हरला आणि आत आलेल्या सोव्हिएत सैन्यानं कारखान्यांतली यंत्रं उचकटून आगगाड्यांनी आपल्या देशात नेली.

उरलेल्या शेडमध्ये 1949 नंतर, कम्युनिस्ट सत्तेखाली, पुन्हा काम उभं राहिलं, तेही सोव्हिएत तंत्रज्ञांच्याच मदतीनं. पहिल्या पंचवार्षिक योजनेत देशाला जे जे हवं होतं, ते बनवणारी यंत्रं तिएशीत बनू लागली. लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापून आकार देणारं यंत्र), ट्रान्सफॉर्मर, खाणींची अवजड यंत्रं, केबल.

(दृश्य : तिएनआनमेनचं प्रवेशद्वार, त्यावरचं राष्ट्रचिन्ह.)

बीजिंगमधल्या या प्रवेशद्वारावर आधी लाकडी राष्ट्रचिन्ह होतं. ऊनपावसात ते टिकणार नव्हतं. धातूचं चिन्ह ओतायचं काम शेनयांगच्या क्रमांक 1 यंत्र कारखान्याकडे आलं. कामगारांनी साचे केले, तांबं आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू ओतला, आणि 1951 मध्ये चिन्ह बीजिंगला रवाना झालं. पुढे याच कारखान्यानं सी-620-1 हा लेथ बनवला. देशभरच्या कारखान्यांत तो पोचला, आणि 1960 च्या दोन युआनच्या नोटेवर त्यावर काम करणारा कामगार छापला गेला. रोजच्या व्यवहारातली नोट होती ती. भाजी घेणाऱ्याच्या हातात आणि विकणाऱ्याच्या गल्ल्यात तो लेथ फिरत होता. तिएशीच्या माणसाला आपल्या कामाचा अभिमान का होता, हे त्या नोटेवरून मला जितकं कळतं तितकं उत्पादनाच्या आकड्यांवरून कळत नाही.

1952 पासून कामगारांसाठी वसाहत उभी राहू लागली. लाल विटांच्या तीन मजली इमारती, उतरती छपरं. बहुतेक घरांत स्वयंपाकघर दोन-तीन कुटुंबांत मिळून. तरी इथे खोली मिळणं हा मान होता, आदर्श कामगारांना ती आधी मिळायची. कारखाना फक्त पगार देत नव्हता. घर, दवाखाना, पाळणाघर, मुलांची शाळा, हिवाळ्यात घर गरम ठेवणारी वाफ, म्हातारपणी पेन्शन, सगळं त्याच फाटकातून यायचं. बापाच्या जागी मुलगा लागायचा.

हे नीट लक्षात घेतलं तरच पुढच्या काळाचा घाव कळतो.

ऑगस्ट 1986 मध्ये शेनयांगमधला सामूहिक मालकीचा एक छोटा कारखाना दिवाळखोर जाहीर झाला. 1949 नंतर चीनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. मोठ्या कारखान्यांची पाळी नव्वदच्या दशकात आली. जुनी यंत्रं, थकलेली देणी, दक्षिणेकडच्या नव्या उद्योगांची स्पर्धा. लाखाहून अधिक कामगार घरी बसले. आधी नाव हजेरीपटावर राहायचं आणि तुटपुंजा भत्ता मिळायचा. मग नोकरीची वर्षं मोजून एकरकमी पैसे हातावर ठेवले जायचे आणि संबंध तुटायचा. चाळिशीतला फिटर किंवा ओतकाम करणारा माणूस तीनचाकी ओढू लागला, बायका रस्त्याकडेला खाणं विकू लागल्या. कारखान्याकडे पैसे नाहीत म्हणून ऐन थंडीत घरांची वाफही बंद पडायची.

(दृश्य : स्मेल्टरच्या तीन चिमण्या, मग उडणारी धूळ.)

शेनयांग स्मेल्टरच्या, म्हणजे धातू गाळणाऱ्या कारखान्याच्या, या तीन चिमण्या, प्रत्येकी शंभर मीटर उंच. तांबं आणि शिसं गाळताना त्यांतून गंधकाचा धूर आणि शिशाची धूळ सुटायची, आणि खाली तिएशीची मुलं तीच हवा घेत वाढायची. 2000 मध्ये स्मेल्टर बंद झाला, 2004 मध्ये सुरुंग लावून चिमण्या पाडल्या. त्या पडायलाच हव्या होत्या, याबद्दल मला शंका नाही. पण प्रदूषण थांबवण्याची आणि उद्योग सुधारण्याची किंमत ज्यांनी तो धूर सर्वांत जास्त गिळला होता त्यांनीच मोजली.

2002 मध्ये जुना तिएशी आणि त्याच्या पश्चिमेची औद्योगिक वसाहत एकत्र आली. हिशोब जमिनीचा होता. शहरातली कारखान्यांची महाग जमीन विकायची, पश्चिमेला स्वस्त जमिनीवर नवा कारखाना बांधायचा, उरलेल्या पैशांतून कामगारांची देणी आणि नवी यंत्रं भागवायची. पुढच्या काही वर्षांत शेकडो कारखाने हलले. जियानशे मार्गाच्या उत्तरेला उंच इमारती आणि मॉल आले. 1937 ची एक शेड आता '1905' नावाचं कलाकेंद्र आहे, मोनोसोडियम ग्लुटामेट ही चव वाढवणारी पूड बनवणाऱ्या जुन्या होंगमेई कारखान्यात गाण्याचे कार्यक्रम होतात. कामगार वसाहतीतल्या काही इमारतींत जुनी घरं सामानासकट मांडून ठेवली आहेत. यंत्रांच्या संग्रहालयापेक्षा मला ती घरं जास्त जपण्यासारखी वाटतात. रांगेतली स्वयंपाकाची भांडी आणि भिंतीवरची प्रशस्तिपत्रं कामगाराबद्दल बोलतात.

पश्चिमेला मात्र काम जोरात आहे. बीएमडब्ल्यूचा मोटारींचा कारखाना 2012 मध्ये इथे सुरू झाला, इंजिनांचा कारखाना 2016 मध्ये, आणि त्याच्यासोबत ओतशाळाही. म्हणजे तिएशीत धातूचा रस अजून साच्यात पडतो, फक्त तो ॲल्युमिनियमचा आहे आणि भोवती माणसं थोडी आहेत.

नोटेवरच्या लेथचा वारसा शेनयांग मशीन टूल या कंपनीकडे आला. 2011 मध्ये विक्रीच्या बाबतीत ती आपल्या क्षेत्रात जगात पहिली होती. पण नव्या संगणकीय यंत्रांसाठी काढलेलं कर्ज फिटेना. 2019 मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं, दिवाळखोरीतून फेररचना झाली आणि बीजिंगमधल्या एका केंद्रीय सरकारी कंपनीनं ताबा घेतला. तिएशीच्या पश्चिमेला तिचे लेथ आजही बनतात.