अर्धी टाकी आणि माळशेजचा चढ

हा आवाज ऐका. गाडी उभी आहे, न्यूट्रलला, आणि इंजिन किती एकसारखं चाललंय. ही आमची पिकअप, 2005 ची, डिझेल, इंजिनाला दाबानं डिझेल पुरवणारा जुना मेकॅनिकल पंप, सेन्सर वगैरे काही नाही. नारायणगावातून टोमॅटोचे क्रेट भरायचे, रात्री माळशेज घाट उतरून कल्याणच्या मार्केटला जायचं आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन परत यायचं, अण्णांचं म्हणजे माझ्या वडिलांचं सगळं आयुष्य याच रस्त्यावर गेलंय.

आणि ही गाडी सात-आठ महिने मधेच बंद पडत होती. रोज नाही हो, रोज पडली असती तर दोन दिवसात सापडलं असतं. कधी सलग आठ दिवस काही नाही, आणि मग एक दिवस परत येताना घाटात चढावर दम तोडायची, अण्णा बाजूला घेणार, खाली उतरून फिल्टरवरचा हँडपंप मारणार, हवा काढणार, परत चालू. पावसात, धुक्यात, मागून ट्रक येतायत आणि हे एकटे बॉनेट उघडून उभे. मला ते चित्र डोळ्यासमोर आलं की झोप लागायची नाही.

फिल्टर दोनदा बदलला. टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप बदलला. एका गॅरेजनं तर मेन पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल खाली उतरवून कॅलिब्रेशनला पाठवायला सांगितलं, मोठा खर्च होता. आणि गंमत नाही, खरंच प्रत्येक कामानंतर गाडी चार-पाच दिवस ठीक चालायची, त्यामुळे आम्हाला वाटायचं झालं काम.

मग गावातले हे मिस्त्री. यांनी पाना हातात घेतलाच नाही आधी. विचारलं, "अण्णा, बंद पडते कशी ते सांगा. पटकन, का दमून?"

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. या मेन पंपावर एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे करंटवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो, चावी ऑन केली की त्याला 12 व्होल्ट मिळतात आणि डिझेलचा रस्ता उघडतो. त्याची वायर सैल असेल तर खड्ड्यात करंट तुटतो आणि गाडी चावी काढल्यासारखी झटक्यात बंद होते. पण आमची तशी नव्हती, ती आधी ओढायची बंद व्हायची, मिसिंग करायची, मग मरायची. म्हणजे डिझेल कमी पडतंय. तरी मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ती वायर हलवून बघितली, टाकीचं झाकण सैल करूनही एक चक्कर मारून आणली, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर टाकीत व्हॅक्यूम धरतो. दोन्ही ठीक.

दुसरा प्रश्न, "बंद पडल्यावर स्टार्टर मारता तेव्हा सायलेन्सरमधून धूर येतो का?" अण्णा म्हणाले, अजिबात नाही. पांढरा धूर आला असता तर डिझेल आत जातंय पण जळत नाही असं म्हणता आलं असतं. धूरच नाही म्हणजे डिझेल नोझलमधून आत पडतच नाही. आणि लाईनमध्ये हवा शिरली की हेच होतं, हवा दाबली जाते, मग नोझल उघडायला लागतं तेवढं प्रेशरच तयार होत नाही.

मी म्हटलं मिस्त्री, पण खाली एक थेंब पडलेला नाही कधी. ते म्हणाले, टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही, तिथं चीर असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. शहाळ्याची स्ट्रॉ मधेच चिरली की पाणी वर येत नाही, तसं.

मग त्यांनी अण्णांना एक वही दिली. बंद पडली की लिहायचं, लोड होता का, चढ होता का, डिझेलचा काटा कुठं होता. तीन आठवड्यांत चार नोंदी, चारही वेळा काटा अर्ध्याच्या खाली आणि गाडी चढावर. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, गॅरेजमधून गाडी आणली की अण्णा पहिलं काम काय करायचे, तर टाकी फुल्ल. गाडी फिल्टरनं नाही, भरलेल्या टाकीनं ठीक चालत होती!

आता हे बघा, फिल्टर आणि पंपाच्या मधे पारदर्शक पाईप लावलाय. टाकी अर्ध्याच्या खाली, गाडी चढावर, आणि हे बुडबुडे, आधी बारीक, मग सलग. नंतर टाकीच्या जागी पाच लिटरचा डिझेलचा कॅन लावला, उरलेलं डिझेल परत आणणारा रिटर्नचा पाईपही त्याच कॅनमध्ये. कॅन टपावर ठेवायचा नाही, वरून डिझेल आपोआप उतरतं आणि लाईनमधली गळती झाकली जाते. कॅनवर त्याच चढावर एकही बुडबुडा नाही. म्हणजे दोष टाकीच्या आतच.

टाकीतला हा पाईप. मिस्त्रींनी खालचं तोंड अंगठ्यानं दाबलं, वरून फुंकलं आणि डिझेलच्या बादलीत बुडवला. हे इथं, मधोमध, गंजाखाली केसाएवढी चीर. टाकी भरलेली असली की चीर डिझेलमध्ये बुडलेली, काटा खाली आला आणि चढावर डिझेल मागं गेलं की चीर उघडी.

पाईप टाकीपासून लांब नेऊन, साफ करून ब्रेझिंग केलं, म्हणजे पितळ वितळवून चीर भरली. टाकीला मात्र वेल्डिंग कधी लावू नका, रिकामी टाकीसुद्धा वाफेनं फुटते, माणसं गेलीत त्यात.

हा माळशेजचा चढ. काटा पावच्याही खाली आहे, मी मुद्दाम भरू दिलं नाही. त्या पारदर्शक पाईपवर टॉर्च मारतोय, नुसतं स्वच्छ डिझेल वाहतंय. वर टपरीपाशी अण्णांनी गाडी बाजूला घेतली आणि चावी फिरवून स्वतः बंद केली, चहा घ्यायला.