वुडब्रिजची एक वाडी: इझलिन

(दृश्य: सकाळ, रेल्वेचा फलाट)

सकाळचे साडेसात. न्यूजर्सीतलं मेट्रोपार्क स्थानक. खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी घेऊन माणसं न्यूयॉर्कच्या गाडीची वाट बघत उभी आहेत. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन इथून सुमारे ४० किलोमीटर. कानावर गुजराती पडते, तेलुगू पडते, आणि जरा लक्ष दिलंत तर मराठीही. स्थानक ज्या वस्तीत आहे तिचं नाव इझलिन. आपली बरीच मंडळी इसेलिनही म्हणतात.

या इझलिनला स्वतःचा महापौर नाही, स्वतःची नगरपालिका नाही. कोकणातली ग्रामपंचायत आठवा. गाव एक, वाड्या अनेक. वाडीला नाव असतं, ओळख असते, अभिमानही असतो, पण घरपट्टी भरायची ती ग्रामपंचायतीत. इझलिन ही अशीच एक वाडी, वुडब्रिज टाउनशिपची. कलोनिया, ॲव्हनेल, फोर्ड्‌स, सिवारेन, पोर्ट रीडिंग या तिच्या बहिणी. वुडब्रिजची स्थापना १६६९ ची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्याही पाच वर्षं आधीची. २०२० च्या जनगणनेत टाउनशिपची लोकसंख्या १,०३,६३९ होती.

(दृश्य: नकाशा, इझलिनची सीमा उजळते)

मग इझलिनची हद्द ठरवतं कोण? जनगणना. ज्या वस्तीला नाव आहे पण स्वतःचं नगरशासन नाही, तिच्याभोवती जनगणना खातं मोजणीपुरती एक रेष आखतं. त्या रेषेच्या आत सव्वातीन चौरस मैलांच्या आसपास जमीन येते. टपाल खात्याचा हिशेब वेगळा; त्यांचा इझलिनचा पिनकोड ०८८३०.

सन २००० मध्ये या रेषेच्या आत १६,६९८ माणसं मोजली गेली, २०१० मध्ये १८,६९५. दहा वर्षांत सुमारे दोन हजारांची भर. आणि २०१० मध्ये इथल्या एक तृतीयांशाहून जास्त रहिवाशांनी स्वतःची नोंद भारतीय वंशाचे म्हणून केली होती. अमेरिकेत हे प्रमाण फारच थोड्या ठिकाणी दिसतं.

हे कसं झालं, ते रस्त्यांकडे बघून कळतं. एकोणिसाव्या शतकात हे पेरीटाउन, मग युनियनटाउन. पुढे न्यूयॉर्कचे बँकर एड्रियन इझलिन यांचं नाव वस्तीला लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतांच्या जागी छोटी, सुटी घरं उभी राहिली. १९५० च्या दशकात गार्डन स्टेट पार्कवे हा महामार्ग इथून गेला. १९७१ मध्ये त्याच्याच काठी मेट्रोपार्क सुरू झालं: गाडी लावा, रेल्वेनं न्यूयॉर्क गाठा. स्थानकाभोवती कार्यालयांच्या इमारती आल्या. तिकडे १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं भारतीय इंजिनियर-डॉक्टरांना अमेरिकेचं दार उघडलं होतं. नोकरी न्यूयॉर्कला आणि मुलांना अंगण, असं दोन्ही हवं असणाऱ्याला ही जागा सोयीची होती.

(दृश्य: ओक ट्री रोड, दुकानांच्या पाट्या)

आणि हा ओक ट्री रोड. इझलिनमधून निघतो आणि शेजारच्या एडिसनमध्ये शिरतो. हद्द कुठे ओलांडली ते चालणाऱ्याला कळतही नाही. १९९० च्या सुमारास इथल्या रिकाम्या गाळ्यांत भारतीय दुकानदार आले: किराणा, साड्या, सोनं, मिठाई. आज उकडीच्या मोदकांची पिठी संपली, कोकम हवं झालं, की आसपासची मराठी घरं इकडेच गाडी वळवतात. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आईवडील या रस्त्यावर पहिल्यांदा मोकळे होतात, असं मला नेहमी वाटतं. भाजी निवडताना कुणीतरी विचारतं, "तुम्ही पुण्याचे का?"

मराठी इथं बहुसंख्य नाहीत. बाजारावर ठसा गुजरातीचा आणि पंजाबीचा, अलीकडे तेलुगूचाही.

(दृश्य: संध्याकाळ, मेट्रोपार्क)

संध्याकाळी न्यूयॉर्कची गाडी परत येते. सकाळचीच माणसं उतरतात आणि वाहनतळाकडे चालू लागतात. कुणी इझलिनला जाणार, कुणी एडिसनला, कुणी कलोनियाला. गाडी सुरू करण्याआधी एक जण घरी फोन लावतो: "ओक ट्रीवरून येतोय. कोथिंबीर आणू का?"