पन्नास मॅन्युअल हवीत, तर हजार कशाला छापायची?

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांसाठी.

समजा, तुम्ही द्राक्षबागेत फवारणीसाठी ब्लोअर बनवता. हंगामाला पन्नास-साठ मशिनं तासगाव-पलूसकडे जातात. ऑफसेटला, म्हणजे प्लेटा बनवून छापायच्या पद्धतीत, रंगीत कव्हर म्हटलं की चार रंगांच्या चार प्लेटा आल्या, शिवाय रंग जुळेपर्यंत वाया जाणारा कागद. तो खर्च पन्नास प्रतींवर बसला की प्रत महाग पडते, म्हणून आपण हजार छापून ठेवतो. पुढच्या वर्षी नोझल बदलतो आणि गठ्ठा रद्दीत जातो. त्याहून वाईट म्हणजे जुनंच मॅन्युअल नव्या मशिनीबरोबर शेतकऱ्याच्या हातात पडतं. औषधाच्या फवारणीत हे चालणार नाही.

डिजिटल मशिन फाइलवरून थेट छापतं, त्याला प्लेट नाही. पन्नास हवीत, पन्नास काढा. हजारोंच्या ऑर्डरला मात्र ऑफसेटच स्वस्त.

आतली पानं काळ्या-पांढऱ्या मशिनवर काढा, फक्त कव्हर रंगीत. फाइल देताना अक्षरं निव्वळ काळ्या रंगात आहेत ना, ते बघा. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतून बनलेला काळा असेल आणि पान रंगीत मशिनवर गेलं, तर ते रंगीत धरलं जातं आणि बिल वाढतं. मराठी फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच सामावून द्या, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

आता कव्हर, कारण खरी गडबड इथेच होते. टोनर, म्हणजे डिजिटल मशिनमधली रंगाची पूड, कागदात मुरत नाही, वर बसतो. कव्हरचा जाड गुळगुळीत कागद, म्हणजे आर्ट कार्ड, तसंच दुमडलं की घडीवर रंग तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. म्हणून आधी लॅमिनेशन, म्हणजे वर प्लास्टिकचा पातळ थर, मग क्रीजिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ, मग घडी. आणि घडी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेनंच हवी. ग्रीसचे हात लागणार असतील तर ग्लॉस, म्हणजे चकचकीत लॅमिनेशन घ्या, पुसता येतं. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड सोडा, म्हणजे रंग कापायच्या रेषेबाहेर तेवढा वाढवा.

सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारणार असाल तर पृष्ठसंख्या चारच्या पटीत ठेवा. जाड मॅन्युअलला माझ्या मते वायरोच, म्हणजे तारेच्या कड्यांची बाइंडिंगच बरी. मशिनीशेजारी उघडं ठेवलं तरी मिटत नाही.

सगळ्या प्रती काढण्याआधी एक प्रत बाइंडिंगसकट तयार करून घ्या. ती नव्या फिटरला द्या आणि वाचून नोझल बसवायला सांगा. तो जिथे अडेल, ते पान आधी दुरुस्त करा. बाकीच्या प्रती त्यानंतर.