दहा वर्षांचा अबोला आणि दोन आवाज

नमस्कार श्रोतेहो.

१४ जुलै १९७३. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानात एव्हर्ली ब्रदर्स या दोन अमेरिकन गायक भावांचा कार्यक्रम चालू होता. थोरला भाऊ डॉन प्यायलेला होता, त्याचे शब्द चुकत होते. धाकट्या फिलने हातातली गिटार आपटून फोडली आणि तो रंगमंचावरून निघून गेला. उरलेला कार्यक्रम डॉनने एकट्याने कसाबसा पार पाडला. पुढची दहा वर्षं सख्ख्या भावांत अबोला. १९७५मध्ये वडील वारले तेव्हा अंत्यविधीला भेट झाली, तेवढीच.

ज्या दोघांची गाणी ऐकत बीटल्सचे लेनन आणि मॅकार्टनी एकत्र गायला शिकले, सायमन आणि गारफंकेल ही गायकजोडी ज्यांच्यासारखं गायला धडपडली, त्यांची ही गत. मग २२ आणि २३ सप्टेंबर १९८३ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दोघं पुन्हा एका मंचावर उभे राहिले. तिथल्या ध्वनिमुद्रणातून ‘द एव्हर्ली ब्रदर्स रियुनियन कॉन्सर्ट’ हा दोन तबकड्यांचा अल्बम निघाला. आज मला त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

आपल्याकडच्या युगुलगीतात दोन आवाज बहुधा आळीपाळीने येतात, नाहीतर एकाच स्वरावर मिळतात. या भावांचं तसं नाही. डॉन खालची मुख्य चाल धरतो आणि फिल त्याच वेळी, त्याच शब्दांवर, सतत वरच्या स्वरात असतो. ढोबळमानाने सांगायचं तर डॉन षड्जावर असेल तर फिल गांधारावर, डॉन पुढे सरकला की फिलही तेवढाच पुढे. गंमत अशी, की फिलची ओळ वेगळी काढून गुणगुणली तर तीसुद्धा स्वतंत्र चाल वाटते. ‘बाय बाय लव्ह’ हे १९५७चं गाणं लोकांच्या ओठांवर आहे ते या दोन चालींच्या गोफामुळे. असं गाताना श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, हे क्षणाक्षणाला जुळावं लागतं. दहा वर्षं एकमेकांशी न बोललेल्या माणसांना ते जमेल कसं?

अल्बम ऐकताना कळतं, की ते त्यांना जमवावं लागलंच नाही. डॉनचा आवाज पूर्वीपेक्षा जाडसर झालेला आहे, पण फिल अजून तसाच स्वच्छ वर चढतो, आणि दोघं एकत्र आले की मधली वर्षं कुठे ऐकूच येत नाहीत. याचं मूळ फार मागे आहे, आणि श्रोतेहो, ते रेडिओत आहे. वडील आइक एव्हर्ली केंटकीचे कोळसा खाणकामगार. अंगठ्याने खालचे स्वर वाजवत बाकीच्या बोटांनी चाल काढायची तिथली जी गिटारशैली, तिचे ते जाणकार वादक. खाण सोडून ते गाण्याच्या मागे लागले आणि १९४०च्या दशकात आयोवा राज्यातल्या शेनंडोआ गावच्या रेडिओवर सगळं कुटुंब गाऊ लागलं. ‘लिटल डॉनी’ आणि ‘बेबी बॉय फिल’ शाळकरी वयात एका मायक्रोफोनसमोर उभे राहायचे. म्हणजे भांडण करण्याइतकी समज येण्याआधीच त्यांचे आवाज एकमेकांना लागलेले होते.

म्हणूनच या मैफलीतला माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ भाग हा गाजलेल्या गाण्यांचा नाही. मध्येच ते वडिलांनी शिकवलेली जुनी लोकगीतं गातात, ‘बार्बरा ॲलन’सारखी. ऐन भरभराटीत, १९५८मध्ये, त्यांनी अशा गाण्यांचा एक आख्खा अल्बम काढला होता: साथीला जवळजवळ फक्त गिटार. अल्बर्ट हॉलमध्येही इथे साथ अगदी हलकी होते, सभागृह शांत होतं आणि उरतात ते दोन आवाज. ज्यांच्या अंत्यविधीला हे दोघं उभे राहिले, त्या वडिलांचीच ही शिकवण. मला हा भाग सलग ऐकवत नाही, थांबावं लागतं.

बाकी वाद्यवृंद उत्तम आहे, विशेषतः अल्बर्ट लीची गिटार आणि पीट विंगफिल्डचा पियानो. शेवटाकडची धावती रॉक अँड रोल गाणी मात्र मला तितकी भिडत नाहीत. तिथे वेग दिसतो, ते दोघं कमी दिसतात.

हे सगळं लंडनमध्येच व्हावं हेही योग्यच होतं. १९६५मध्ये त्यांचं ‘द प्राइस ऑफ लव्ह’ अमेरिकेत पहिल्या शंभरातही आलं नव्हतं, तेव्हा ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर पोचलं होतं. मायदेश विसरू लागला तरी ब्रिटनने या भावांना धरून ठेवलं. टाळ्यांचा आवाज ऐका, त्यात नुसतं कौतुक नाही, वाट पाहिल्याचा हिशेब आहे.

या मैफलीच्या पुढच्या वर्षी, १९८४मध्ये, मॅकार्टनीने त्यांच्यासाठी एक नवं गाणं लिहून दिलं. पण दिलजमाई टिकली नाही, पुढे पुन्हा दुरावा आला. २०१४मध्ये फिल गेला. त्यानंतर ‘कॅथीज क्लाउन’ हे दोघांचं गाजलेलं गाणं कोणी लिहिलं यावरून डॉन आणि फिलचे वारस यांच्यात न्यायालयात खटला चालला. २०२१मध्ये डॉनही गेला. तेव्हा हा अल्बम दोन भावांच्या समेटाची गोड गोष्ट म्हणून ऐकायला जाल तर निराश व्हाल. त्या दोन रात्रींत मनं किती जुळली ते त्यांचं त्यांना ठाऊक. सूर मात्र खरोखर जुळले, आणि ध्वनिमुद्रण त्याची साक्ष देतं.

अल्बम मिळवा आणि एकेक गाणं दोनदा ऐका. पहिल्यांदा डॉनचं बोट धरून खालच्या चालीबरोबर चला. दुसऱ्यांदा फक्त फिलच्या मागे जा. दोन वेगळी गाणी ऐकल्यासारखं वाटेल. नमस्कार.